पूर्वेची उशी

प्रिय ठमे,

काल उल्का पाहायला गच्चीवर डोक्याला डोकं लावून निजलो. बाबांची पद्धत मी अजून पाळते. प्रत्येकाने एक दिशा सांभाळायची आणि उल्का दिसली की दिशेचं नाव ओरडायचं. आता आम्ही तिघंच, मी, हे आणि लेक. पूर्व तुझी. तू रागावून घर सोडलंस त्याला तीस वर्षं झाली, तरी तिकडे तुझी उशी ठेवते.

"उल्का बघतेयस की घोरतेयस?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे एकही पडत नाही, म्हणून जळताय!"

तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "पूर्व!"

तिघांनीही माना वळवल्या. आकाश रिकामं होतं. उल्का त्यानंतर पडली.

"आई, मावशीचा आवाज असाच होता का गं?"

"होता काय? आहे म्हण," मी लेकीला दटावलं. उशी चाचपली, तर उबदार लागली.

तुझा पत्ता आहे माझ्याकडे. पण तू आता नाहीस, असं उत्तर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आलं तर? म्हणून पोस्टात न टाकता हे पत्र त्या उशीखाली ठेवतेय. तिथे ते तुला कधीच मिळू नये, एवढंच मागते.

तुझी वाट पाहणारी,
ताई