कमलचा टाळ

मंगळवार, दिवेलागणीले

आजही सुरुवातीले कमलचा टाळ ऐकू आला नाई. कमल मायी धाकटी बहीण, ती अकोल्यात, मी परतवाड्यात. समोरासमोर बसून भजन म्हटल्याले दोन वर्सं झाली. आता मंगळवारी कम्प्युटरवर म्हणतो. नात पल्लवीनं माइकची वायर लावायची डबी दोघींकडं बसवून देल्ली. गळा येते, टाळ येत नाई.

"कमे, हात मोडले का तुये?"

"बाई, मी कवाची वाजवून राहिली! तुयेच कान गेले."

पल्लवीनं वायर काढली, फुकली, पुन्हा लावली. मंग म्हणे, "आजी, तिकडचा कम्प्युटर टाळाले गोंगाट समजून कापून राहिला." म्हटलं, कापणाऱ्याले अक्कल देल्ली नाई का कोणी? तिनं कमलच्या सुनेले सांगून ते कापणं बंद करवलं.

अन् टाळ आला. खणखणीत. त्याच्यामागून खोकला आला, खोल, छातीतला.

म्हटलं, "कवापासून?"

"कोणता खोकला?" म्हणे कमल. मी तं खोकल्याचं नावही घेतलं नवतं.

इतके मंगळवार मले वाटे, बरी हाय पोरगी, गळा साफ हाय. टाळासंगं हेही कापल्या जात होतं.

मी माया टाळ पिशवीत टाकला. सकाळची अकोल्याची गाडी धरतो.