धाकट्याची कादंबरी आणि माझी छत्री

३ तारीख, सोमवार, सकाळ
धाकट्याची कादंबरी छापून आली. त्यात एक पोरगा परदेशी जातो नि अकरा वर्षांनी घरी परततो. आमचा धाकटाही बायको-पोरगी घेऊन अकरा वर्षांनीच आलाय. म्हणाला, आई, इथल्या लोकांना आवडली तर इथंच राहीन. आवडणारच. मी जातीनं लक्ष घालणार. तिसरी शिकलेली मी, बोट ठेवून रोज एक पान वाचते. शिवाय आजपासून कोणावर हात उगारायचा नाही.

५ तारीख, बुधवार
शिंपी म्हणाला, त्यातली छत्रीवाली म्हातारी कर्दनकाळ आहे. हसू आलं. ती आमची विहीणबाई, दुसरं कोण. पण मग म्हणाला, शेवट रडका आहे. हात नाही उगारला. छत्री उगारली. कानामागे टेंगूळ आलं, आणि लगेच त्याला शेवट आवडला.

८ तारीख, शनिवार
लायब्ररीत वाचकांची सभा. रिटायर पोस्टमास्तर म्हणाले, इतकी दुष्ट म्हातारी जगात नसते. नर्सबाई म्हणाल्या, असते, माझी सासू बघा. मास्तरांनी खुर्ची फेकली, बाईंनी पाण्याचा जग. मी छत्रीनं शांतता केली. लायब्रेरियनचा एक दात पडला, पण तो आधीपासून हलत होता म्हणे. एवढी रंगलेली सभा तिथं कधी झाली नसेल. धाकटा म्हणाला, आई, पुढच्या सभेला येऊ नकोस. लाजाळू आहे पहिल्यापासून.

९ तारीख, रविवार
नात म्हणाली, आजी, पुस्तकातल्या छत्रीच्या मुठीला लाल दोरा आहे, तुझ्या छत्रीसारखाच. म्हणजे विहीणबाईंनी नक्कल केली. जाब विचारायला गेले. त्यांनी कढई भिरकावली. मी दोन तावदानं फोडली. जाब राहिलाच.

१२ तारीख, बुधवार, दुपार
पुढच्या सभेला कोणीच आलं नाही. घाबरले म्हणे. कोणाला, ते धाकटा सांगेना. नुसता बॅगा भरत होता.
म्हणून आज शेवटचं पान आधी वाचलं. पोरगा टॅक्सीतून घरापाशी येतो. पायरीवर म्हातारी छत्रीनं दूधवाल्याला बडवत असते. पोरगा ड्रायव्हरला म्हणतो, ती माझी आई. गाडी वळवा.
सासू नाही, आई. तीनदा बोट ठेवून पाहिलं.
दूधवाल्याचं खरं आहे. पाणी घालायचा.
खाली तिघं टॅक्सीत बसत होते. खिडकीतून ओरडले, अरे बघ, टाकली मी छत्री, कायमची टाकली. आणि खरंच फेकली.
टॅक्सीची मागची काच फुटली. टॅक्सी थांबली नाही.