नववीतले डावे हात

६ जानेवारी, मंगळवार
शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी गायकवाड यांचा फोन. (पुढे वि.अ.) माध्यमिक शाळांचं मूल्यांकन चाललं आहे, समितीत एक बाहेरचा सदस्य लागतो. मंद्रूप रस्त्यावरच्या एका गावातली जिल्हा परिषदेची प्रशाला माझ्याकडे. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणूनच की मॅडम. तुम्ही कडक. तुमच्या अहवालावर कुणी बोट ठेवणार नाही."

चौदा पानी तक्ता पाठवला आहे. शंभर गुण. साठपासून पुढे 'ब' श्रेणी, खाली 'क'. फोन ठेवता ठेवता म्हणाले, 'क' आली तर नववी-दहावी बंद करून मुलं शहरातल्या शाळेत घालायचा विचार आहे. लेखी काही नाही.

तो माझा विषय नाही. दिसेल ते भरायचं.

८ जानेवारी, गुरुवार
साडेदहाची एसटी. पावणेबाराला शाळेत.

इमारत बरी. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कड्या आहेत, पाणी आहे. प्रयोगशाळेची किल्ली मागितल्यावर लगेच मिळाली. (किल्ली शोधावी लागली की प्रयोगशाळा वापरात नाही, हा माझा जुना ठोकताळा.) ग्रंथालयाच्या वहीत या आठवड्याच्याही नोंदी. पटावरच्या मुली आणि बाकांवरच्या मुली, आकडा जुळला.

मुख्याध्यापिका (पुढे मु.अ.) शेख बाई. पन्नाशीच्या, नीटनेटक्या. म्हणाल्या, "बाई, मी नूरजहाँ. दहावी ब." मला ओळख पटली नाही. तसं सांगितलं.

नववीचा गणिताचा तास. बिराजदार सर. फळा स्वच्छ, आवाज खणखणीत. प्रश्न विचारला की एकतीसच्या एकतीस हात वर. असं कुठल्याच वर्गात होत नसतं. मी हात मोजले. उजवे बावीस, डावे नऊ. सरांनी पाच जणांना विचारलं, पाचही उजवे, पाचही उत्तरं बरोबर.

मग मी उठले. "सर, आता मी विचारते." कळपात शेळ्या आणि मेंढ्या मिळून पंचेचाळीस, मेंढ्या शेळ्यांच्या चौपट, तर शेळ्या किती? पुन्हा सगळे हात वर. मी फक्त डाव्यांना उठवलं. पहिली गप्प. दुसरा गप्प. तिसरीने सरांकडे पाहिलं. चौथी अश्विनी बंडगर, मेंढपाळाची मुलगी, म्हणाली, "नऊ शेळ्या, छत्तीस मेंढ्या." फळ्यावर करून दाखव म्हटलं. तिने डाव्या हाताने लिहिलं, सरळ रेघेत. वर म्हणाली, "पर नऊ शेळ्या लई झाल्या, बाई. आमच्या कळपात तीनच हायेत." वर्ग हसला.

बिराजदार सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "हिला येतं, हे मला माहीत नव्हतं."

पोरगी डावखुरी. जो हात चालतो तो वर करत आली. जूनपासून तिला एकही प्रश्न गेलेला नाही.

मु.अ.च्या खोलीत चहा.
"पद्धत ओळखलीत, बाई."
"कुणी शिकवलं हे?"
"तुम्हीच की. आठवीत. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी. ज्याला येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. सगळा वर्ग हुशार दिसतो."
मी कप खाली ठेवला.
"मी डावी होते, बाई. म्हणून तुम्हाला आठवत नाही."
तक्रारीचा सूर नव्हता. बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

९ जानेवारी, शुक्रवार
तक्ता भरायला घेतला. इमारत, पाणी, हजेरी, ग्रंथालय, सगळं चांगलं. रकाना ११, वर्गातील सहभाग, गुण दहा. दिसलं ते लिहायचं तर सगळ्या वर्गाचे हात वर होते, म्हणजे आठ-नऊ गुण. कळलं ते लिहायचं तर दोन.
'दिसेल ते भरायचं' हे मंगळवारी मीच लिहिलं आहे.
रकाना रिकामा ठेवला. स्वयंपाक केला. ज्वारी यंदा मंगळवेढ्याची मिळाली, भाकरी चांगली होते.

१३ जानेवारी, मंगळवार
इथे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेमुळे गावभर गर्दी, शाळांना सुट्ट्या. घराबाहेर पडले नाही.

ही युक्ती मी तपासणीच्या एका दिवसापुरती काढली होती. मग सोयीची वाटू लागली. तास वेगात जायचा, अभ्यासक्रम वेळेत संपायचा. पुढे रोजचीच झाली. मला 'वर्गावर पकड असलेली शिक्षिका' म्हणत.

त्या वेळच्या आठवी ब मधली नावं आठवून पाहिली. उजव्या हातांची चौदा आठवली, आडनावासकट. कोण कुठे दिली, कोण कुठल्या बँकेत, तेही. डाव्यांपैकी एकही नाव आठवत नाही. नूरजहाँ धरून.

१९ जानेवारी, सोमवार
न कळवता पुन्हा शाळेत. सदस्याला तसा अधिकार आहे.

फाट्यावर उतरले तर एक बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून उभी. म्हणाली, "तुमी तपासनीवाल्या बाई न्हवं? मी अश्विनीची आई."
"हो."
"साळा बंद हुणार म्हनत्यात. खरं हाय?"
"मला माहीत नाही."
"तुमी लिवनार, आन् तुमालाच म्हाईत न्हाय?" हसली. मग हसणं गेलं. "हितं हाय तवर शिकंल. तिचा बा कळप घिऊन आठ म्हैनं भाईर. सोलापूरला एकटीला एसटीनं कोन धाडनार? दहावीपातूर हूं द्या की बाई. मंग बघू."
"शाळा चांगली असली तर राहील," मी म्हटलं.
"मंग चांगली लिवा की. तुमाला काय अवघड हाय."

नववी. मी वर्गाला सांगितलं, आजपासून येत असेल तरच हात वर, कोणताही चालेल. प्रश्न घातला. एकही हात वर नाही. उजवे बावीसही खाली. दोन मिनिटं अशीच गेली. मग अश्विनी, "बाई, मी डावाच करू?"
"ज्या हाताने लिहितेस तो कर."
एक हात वर.

सगळ्यांची लेखी चाचणी घेतली. बावीसपैकी पंधरा चांगले, सात ठीक. नऊ डाव्यांमध्ये अश्विनी पैकीच्या पैकी. उरलेल्या आठांना चौथीचा भागाकार येत नाही. दोघांना प्रश्न नीट वाचता येत नाही.

बिराजदार सर बाहेर भेटले. चिडलेले, पण आवाज चढवला नाही. "मॅडम, एकतीस पोरं, एक तास, एवढा मोठा पोर्शन. डाव्यांपाशी थांबलो तर उजवी मागे पडतात. तुम्ही दोनच्या एसटीनं जाणार. मी हितंच राहणार."
चूक नाही. मीही हेच म्हणत असे.

२२ जानेवारी, गुरुवार
अहवाल दिला. रकाना ११ मध्ये दोन गुण. शेऱ्यात लिहिलं: 'वर्गात हात वर करण्याची ठरवलेली पद्धत आहे. येणाऱ्यांनी उजवा, न येणाऱ्यांनी डावा. ही पद्धत अहवाल लिहिणारीने स्वतः अनेक वर्षे वापरली व ती इथे तिच्याच विद्यार्थिनीकडून आली. आठ मुले मागे राहिली आहेत, एक हुशार मुलगी दुर्लक्षित राहिली.' बाकी रकान्यांत जे चांगलं ते चांगलं लिहिलं. आतल्या कड्या आणि पटावरच्या सगळ्या मुली बाकावर, यांना वेगळे गुण नाहीत. तेही लिहिलं.

एकूण अठ्ठावन्न. तीन वेळा बेरीज केली.

दुपारी वि.अ.चा फोन.
"मॅडम, तो शेरा तेवढा काढा. स्वतःबद्दल कुणी लिहितं का असं? आणि दोनतीन गुणांचा तर प्रश्न आहे."
"शेरा राहील."
"आणि गुण?"
"तेही राहतील."
"तुमच्या दोन गुणांनी शाळा जाईल."
"आठ मुलांना भागाकार येत नाही, साहेब."
"शहरात जाऊन येणार आहे का?"
फोन त्यांनी ठेवला.

२४ जानेवारी, शनिवार
नूरजहाँचा फोन. अहवालाची प्रत शाळेला गेली.
"बाई, सगळं खरं लिहिलंत."
"हो."
"माझं नाव घातलं नाहीत. स्वतःचं घातलंत."
"पद्धत माझी होती."
मग, "अश्विनीची आई मला विचारायला येणार, बाई. तुम्हाला नाही."
नियमात फेरमूल्यांकन आहे. शाळेने अर्ज केला की दुसरा मूल्यांकनकर्ता येतो. अर्ज आजच करते म्हणाली. मी बरं म्हटलं.
"तेवढ्यावर भागणार नाही. तुमची युक्ती तुम्हीच मोडून काढा. मंगळवार आणि गुरुवार, साडेदहाची एसटी. ती आठ मुलं मी ग्रंथालयात बसवते."
एकही विद्यार्थिनी माझ्याशी अशा आवाजात कधी बोललेली नाही. उजवीही नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
समितीचा राजीनामा पाठवला. जिथे शिकवायचं तिथलं मूल्यांकन करता येत नाही. कारण एका ओळीत लिहिलं.
पेटीतून मोजणी शिकवायची जुनी मणिमाळ काढली. दोरा बदलला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ग्रंथालय. आठ मुलं भिंतीला टेकून. अश्विनीही येऊन बसली. तुझं काय काम म्हटलं तर म्हणाली, "वर्गात आता हात वर केला की सर सारखं मलाच इचारत्यात." तिला मणी मोजून द्यायचं काम दिलं.

सानिया नावाच्या मुलीला विचारलं, चोवीस मणी सहा जणांत. ती उभी राहिली आणि अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आमाला इचारू नका बाई. आमी डावं हाय."
बस म्हटलं. पुढचा अर्धा तास कुणालाच विचारलं नाही. मणी वाटले.
इतकी वर्षं शिकवलं. येणाऱ्यांना विचारत होते, त्याला शिकवणं म्हणत होते, असं दिसतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पाचवा तास. पाच जणांना भागाकार जमतो, हातचा सोडून. तिघांना नाही. वाचन न येणाऱ्या दोघांना नूरजहाँ स्वतः घेऊन बसते, शाळा सुटल्यावर.
सानियाचा हात आज वर आला. उत्तर चुकलं. हात खाली घेतला नाही. दुसरं उत्तर दिलं, तेही चुकलं.
माझी पाठ दुखते. एसटीची मागची सीट टाळायची.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
फेरमूल्यांकनाचं पत्र आलं. येत्या सोमवारी. नवे मूल्यांकनकर्ते कोण ते माहीत नाही. दोन गुण लागतात, वर एखादा असलेला बरा.

नववीच्या तासाला मागे बसले. बिराजदार सरांनी प्रश्न विचारला. अकरा हात वर, त्यात दोन आमच्या आठांपैकी. वीस खाली. खरे अकरा. पण बाहेरून येणाऱ्याला अकराच दिसतील. वर्ग मंद वाटेल. आणि एकाने चुकीचं उत्तर दिलं.

तास संपल्यावर तिघं मु.अ.च्या खोलीत. सर म्हणाले, "सोमवारी तेवढं जुन्या पद्धतीनं करू या. एकच दिवस. पोरांना सांगितलं की बास. मंगळवारपासून परत तुमचं."
नूरजहाँ माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही सांगा. सोमवारी हात कसे वर करायचे?"

खिडकीतून फाटा दिसतो. अश्विनीची आई पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती.

मी घड्याळ पाहिलं. एसटीला बारा मिनिटं होती. या प्रश्नाच्या उत्तराला एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं. एसटी आली तेव्हा मी अजून खुर्चीवरच होते.