मामांच्या पायरीला फुटवा आला

उलवे, रविवार सकाळ

तीर्थरूप हौसेरावमामांना तेजश्रीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आणि मामींचा दमा दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत आणि आजपासून तुमचा आंबाही खुशाल आहे. 'आजपासून' का, ते फोनवर सांगायचा धीर नाही म्हणून लिहिते आहे.

गृहप्रवेशाला तुम्ही साताऱ्याहून मांडीवर घेऊन आणलेले पायरीचे कलम आमच्या तळमजल्याच्या बागेत छातीएवढे झाले होते. गेल्या महिन्यात इंद्रजितने (जावई तुमचेच, मी काही बोलत नाही) कपडे वाळवायची दोरी त्याच्या खोडाला बांधली आणि तिच्यावर मामींची गोधडी ओलीच टाकली. कडकन आवाज झाला. खोड मधोमध मोडून सालीच्या पट्टीवर लोंबत होते. मामा, मला रडूच आले. इंद्रजितने धावत जाऊन आपल्या गुडघ्याचे बँडेज आणले आणि झाडाला गुंडाळले.

शेजारच्या बयाबाई (इथल्याच गावच्या, आमची सोसायटी त्यांच्या भातशेतीवर उभी आहे) म्हणाल्या, "त्याचा काय पाय मुरगळलाय?" मग बँडेज सोडून त्यांनी मोडके सांधले, शेणमातीचा लेप दिला, सुतळी आवळून बांबूचा आधार लावला. "मेला नाय गो, जीव हाय त्यात. पानी बेतानं घाल."

तरी वरची पाने एकेक करून गळाली. इंद्रजित ऐरोलीच्या ऑफिसातून तासातासाला "काही हालचाल?" असे विचारी. घरात कोणी अत्यवस्थ आहे असे समजून साहेबांनी त्याला दोन दिवस सुट्टी दिली. ती त्याने झाडापाशी खुर्ची टाकून काढली.

आणि आज, तेविसाव्या दिवशी, दात घासत बाहेर गेले तर खोडावर तांबूस, चकचकीत, करंगळीएवढा फुटवा. मामा, माझ्या हातातला ब्रश पडला. इंद्रजितने तर मला उचलूनच घेतले (बयाबाई बघत होत्या). मामींना नमस्कार.

तुमची भाची,
तेजश्री

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच बयाबाई फुटवा नीट बघून गेल्या. तो कलमाच्या सांध्याच्या चार बोटे खाली आलाय. म्हणजे तुमची पायरी गेली, ती ज्याच्यावर बांधली होती तो खालचा रायवळ तेवढा जगला. त्याच्यावर पुन्हा कलम बांधता येईल म्हणे. तेव्हा तुमच्या झाडाच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून या आठवड्यात घेऊन याच.

आणखी एक : काड्या पिशवीत झाकून आणा. इंद्रजित आत्ताच सोसायटीत पेढे वाटायला गेलाय, आणि त्याला मी अजून काही सांगितलेले नाही.