सोळा मात्रा

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

नमस्कार आधीच करून टाकला, कारण पुढे भांडणच आहे. काल पहिली तालीम झाली. वीस वर्षं जाहिरातींना आणि मालिकांना संगीत दिलं, तेव्हा कुठे माझी स्वतःची रचना मोठ्या सभागृहात वाजणार आहे. तिच्यात मधोमध सोळा मात्रा सगळ्यांनी गप्प बसायचं. वाद्यवृंदाच्या संचालकांना ते पटेना. लोकांना वाटेल वादक विसरले, म्हणाले. तीन आठवडे डोकं फोडलं, तेव्हा कबूल झाले. आणि काल ती जागा आली तर सगळे धडधडत पुढे! एकतीसही वादकांच्या कागदांवर शांतताच नाही. संचालक माझ्याकडे बघून हसले, ताई. शाळेपासून माझ्या रचनांच्या प्रती तूच सुवाच्य अक्षरात उतरवतेस. माझ्या सोळा मात्रा कुठे गेल्या?

रागावलेली, पण तुझीच,
ठमी

७ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मीच गाळल्या गं. रिकामी जागा दिसली, वाटलं नेहमीसारखी अर्धवट सोडून उठलीस. कागद वाया नको म्हणून पुढचं वर ओढून घेतलं. तिला विचार तरी, असं हे म्हणत होते, पण माझं शहाणपण उतू चाललेलं.

एकतीसही कागद पुन्हा लिहून सोबत पाठवलेत. लिहिताना टेबलावर बोट आपटत त्या मात्रा मोजल्या आणि पंचविसाव्या कागदाला हात थांबला. त्या शांततेआधी वाद्यांची जी टकटक आहे, ती म्हणजे आईचं शिवणाचं मशीन ना? ती मधेच मशीन थांबवून जिन्याकडे कान द्यायची, आपण शाळेतून आलो का ते ऐकायला. मूर्ख मी, तिचं ऐकणंच खोडून टाकलं. चूक बहिणीची, असं संचालकांना खुशाल सांग, पण शांतता सोडू नकोस. कार्यक्रमाला आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत आहोत. यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, सांभाळून घे.

राग उतरला की दोन ओळी टाक.
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

कार्यक्रम संपताच तुम्हाला गाडी गाठायची होती म्हणून बोलणं राहिलंच. सात मात्रा होतात न होतात तोच मागून कुणीतरी टाळी वाजवली, सभागृहाने ती उचलली आणि संचालकांनी घाबरून हात वर करून वादकांना पुढचं वाजवायला लावलं. नंतर मलाच म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" पेपरात आलंय, रचना गोड आणि घरगुती आहे. नुसता संताप होतोय. सगळं सोडून पुन्हा साबणाच्या जाहिराती कराव्यात असं वाटतं.

मी पडद्याआडून तुलाच बघत होते. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा भावोजींचे दोन्ही हात तू घट्ट दाबून धरलेस. वाद्यं पुढे निघून गेली तरी तुझे ओठ हलत होते. मीही मोजत होते. सोळाला आपण दोघी एकदमच थांबलो.

कागद मी जपून ठेवलेत. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी