नेलच्या जरीकाठी प्रिमरोझची सोय

मी, एनॉक कर्शॉ, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी विणकर आणि आता नुसता माळी, राहणार विव्हर्स रो, थॉर्नक्लफ, लँकाशायर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळची लापशी पोटभर खाऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा नेल होती.

घरदार सांभाळायला माणसे मिळतात. हा कागद मी मुख्यतः एका झाडासाठी करीत आहे. माझी पत्नी दिवंगत नेल हिने बियांपासून वाढवलेले ते वीतभर उंचीचे, वसंतात फुलणारे प्रिमरोझ : पाकळी काळपट लाल, कडेने सोन्याची बारीक रेघ, जणू जरीचा काठ, आणि एकाच दांड्यावर फुलांचा झुबका. माझ्या माहितीप्रमाणे ते जगात फक्त माझ्या मागच्या दारच्या दोन कुंड्यांत आहे. माझ्यामागे ते मरू नये.

कलम १. राहते घर माझी मुलगी विनिफ्रेड हिला. तिने राहावे, विकावे, माझी ना नाही. जावईबापूंना मागच्या अंगणात सिमेंट घालून मोटार उभी करायची आहे, हे मला ठाऊक आहे. घालावे. फक्त उत्तरेच्या भिंतीलगतची फूटभर पट्टी सोडावी. तिथे साधी पिवळी प्रिमरोझ आहेत, नेलने लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात ओढ्याकाठून रुमालात बांधून आणलेली. पट्टी नाही सोडली तरी ती सिमेंटच्या भेगेतून वर येतीलच, मग उगाच जावयाचा पराभव कशाला?

कलम २. बँकेतली शिल्लकही विनिफ्रेडलाच. त्यातून माझ्या दफनानंतर आलेल्या मंडळींना चहा आणि हॅम द्यावे. हॅम जाड कापावे. नेलच्या वेळी पातळ कापले होते आणि लोक अजून बोलतात.

कलम ३. माझे शाळेतले कवितांचे पुस्तक गावच्या शाळेला द्यावे. पिलिंगबाईंनी त्यातल्या कविता आमच्याकडून उभे करून पाठ करून घेतल्या. पुढे गिरणीत मागांच्या खडखडाटात मी त्या मोठ्याने म्हणत असे, कारण तिथे कोणाला काही ऐकू जात नसे. गिरणी बंद पडल्यावर कुंड्यांना म्हणू लागलो. मग मात्र भिंतीपलीकडून हिल्डा ग्रिमशॉ ओरडायची, "एनॉक, त्यांना पाणी घाल, पाठांतर नको!" माझ्या दफनाच्या वेळी वसंतावरची कोणतीही एक कविता म्हणावी. मधली कडवी गाळू नयेत, पाऊस असला तरी.

कलम ४. मातीच्या उभट कुंड्या, काचेच्या झाकणाची पेटी, खुरपी, आणि पानांचे कुजलेले खत (ते कोपऱ्यात आहे, जावयाला कचरा वाटेल) हे सर्व थॉर्नक्लफ पुष्पमंडळाला. मंडळाचे सचिव पर्सी डकवर्थ यांना प्रदर्शनांत त्यांनी मला लिहून दिलेली तिसऱ्या क्रमांकाची सगळी कार्डे परत करावीत. त्यांचीच आहेत.

नवशिक्याने एवढे ध्यानात ठेवावे. प्रिमरोझला सकाळचे ऊन चालते, दुपारचे नाही. कुंडीतली माती कोरडी पडू द्यायची नाही आणि चिखलही करायचा नाही. पाणी घालूनही पाने मलूल दिसली तर झाड उपटून मुळे पाहावीत. पांढरी अळी असेल तर दया दाखवू नये.

कलम ५. आता हिल्डा ग्रिमशॉ.

आमच्या प्रदर्शनांचा नियम जुन्या विणकरांनी घातलेला आहे. फुलाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या छिद्रात, परागांचा झुबका दिसला पाहिजे, कापडाच्या दशांसारखा. त्याऐवजी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका दिसला, तर फूल कितीही देखणे असो, ते बाद. नेलच्या फुलात टाचणी होती. नेलला ते माहीत होते. पण एका वर्षी परीक्षक चष्मा घरी विसरले होते, म्हणून तिने ते मांडण्याचा धीर केला. त्यांचा हात बक्षिसाच्या तांब्याच्या किटलीकडे वळलासुद्धा होता, एवढ्यात हिल्डा भर मंडपात म्हणाली, "अहो, डोळ्यात टाचणी आहे की!"

किटली हिल्डाच्या फुलाला गेली. नेल घरी पोचेपर्यंत हसत होती. "पकडलं मेलीने!" मी हसलो नाही. तेव्हापासून आमच्या दोन घरांमध्ये भिंत होती ती अधिक भिंत झाली.

परंतु गेल्या उन्हाळ्यात, पाऊस गावच विसरला तेव्हा, मी मांडीचे हाड मोडून इस्पितळात पडलो होतो. परत येताना मनाशी ठरवून आलो की नेलचे झाड गेले असणार. पाहतो तर दोन्ही कुंड्या सावलीत सरकवलेल्या, पाने टवटवीत, मातीवर चहाची पत्ती. मी कोको पितो. भिंतीवरून विचारले तर हिल्डा म्हणाली, "पाऊस पडला असेल."

कलम ६. म्हणून नेलच्या झाडाच्या दोन्ही कुंड्या माझ्या मृत्यूनंतर हिल्डा ग्रिमशॉ हिला द्याव्यात. मंडळाला देऊ नयेत; ते टाचणीवाले झाड उकिरड्यावर टाकतील. शिवाय या जातीचे बी चांगले भरायला टाचणीवाल्या फुलाला दशावाल्याचे पराग लागतात, आणि तशी फुले हिल्डाकडे आहेत. (हे कलम माझ्या हाताने खोडले आहे. कारण पुढे.)

कलम ७. वरील मजकूर झाल्यावर साक्षीसाठी मी हिल्डाला आणि कोळसेवाले ऑल्बर्ट टॅटरसॉल यांना स्वयंपाकघरात बोलावले. हिल्डाने पेनाचे टोपण काढले, तोच ऑल्बर्ट म्हणाले, "थांबा. या बाईंचं नाव आहे का आत? माझ्या मावशीच्या मृत्युपत्रावर मीच हौसेनं साक्षीदाराची सही केली, आणि मला ठेवलेलं घड्याळ गेलं. साक्षीदाराला काही मिळत नाही."

"माझं नाव? यात?" हिल्डा म्हणाली. "आण इकडे."

तिने वाचले. किटलीचा भाग दोनदा वाचला.

"टाचणीवाली मला देतोस?"

"वाचवलीस तू."

"पाऊस पडला होता."

"हिल्डा, पावसात चहाची पत्ती नसते."

ऑल्बर्ट एवढे हसले की त्यांच्या बाहीवरचा कोळसा टेबलावर सांडला. या कागदावरचा डाग त्याचा आहे, खाडाखोड समजू नये.

"बरं बाबा, घातलं मी पाणी," ती म्हणाली. "नळी लावायला बंदी होती, म्हणून भांड्यांचं, चहाचं, मिळेल ते. त्या किटलीतून. इतक्या वर्षांत तिचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला."

"मग तू सही करू नकोस. दुसरं कोणी बघू."

"आणि तुझ्या मरणाची वाट बघत बसू? मीही अठ्ठ्याहत्तरची आहे, म्हाताऱ्या. आत्ताच दे."

"फुलावर आहे ते. फुलं गेल्यावर मुळं फोडून वेगळं करायचं असतं."

"मला शिकवतोस? वाटणी मे महिन्यात करू. मालकी आज दे."

ऑल्बर्टांच्या देखत मी ती दिली. एक कुंडी तिने लगेच पोटाशी धरली, आणि दारातून मागे वळून म्हणाली, "दुसरी ठेव तुझ्या खिडकीत. उसनी. वाळवलीस तर बघ." कुंडी घरी ठेवून ती सहीसाठी परत आली. मे महिन्यात दोन कुंड्यांची निदान पाच झाडे होतील. तिच्या फुलांचे पराग आजच ब्रशाने लावायचे ठरले आहे. बी धरले तर नव्या रोपांना नाव कोणते द्यायचे यावर आमचे भांडण सुरू झाले आहे, आणि ते संपवायची मला घाई नाही.

सबब, माझ्या खिडकीत दिसते ते प्रिमरोझ माझे नाही, हे वारसांनी लक्षात घ्यावे. हिल्डा ग्रिमशॉ हिला देण्यासारखे माझ्याजवळ आता काहीही उरलेले नाही, आणि म्हणून तिची साक्ष कायद्याने चालते.

व्यवस्थापक म्हणून विनिफ्रेडने काम पाहावे.

ठिकाण : थॉर्नक्लफ, माझे स्वयंपाकघर
दिनांक : २३ एप्रिल १९७७

(सही) एनॉक कर्शॉ

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :

(सही) ऑल्बर्ट टॅटरसॉल, कोळसेवाले
(सही) हिल्डा ग्रिमशॉ, शेजारीण. नाव नेलचंच राहील. भांडण मिटलं.