बाबा, तुमचं तिरामिसू जमलं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, काल तुमची वर्षी झाली. पाहुणे आज सकाळी आपापल्या गावी गेले, आई ओसरीत जरा आडवी झाली आहे आणि माझ्यासमोर स्टीलचा रिकामा ट्रे आहे. घासायचा आहे, पण घासण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही! लोकांनी बोटानं पुसून खाल्लं. तुमचं तिरामिसू, आपल्या अंगणात, पळसाच्या द्रोणात! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पण आधी तुमच्या तेरवीचं सांगायला हवं. त्या दिवशी पंगत उठली आणि तुमचे थोरले भाऊ, आपले मोठेबाबा, हात धुता धुता सगळ्यांदेखत बोलले, "पेत नसता तं आज जिता असता. दरसाल पिशवीभर मोह मोहर्लीले कायले न्याचा?" डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. पण मोठेबाबांपुढे कागद कोण वाचणार? आई पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिली.

आणि मी? मीही गप्प राहिले बाबा. कारण ती मोहफुलं दारूसाठीच जातात, असं मलाही वाटत होतं.

मोह कशाला नेता, ते तुम्ही सांगितलं नव्हतं असं नाही. किती वेळा सांगितलं होतं! पावसाळ्यात ताडोबाचं गेट बंद झालं की तुम्ही जिथे आचारी होता ते मोहर्लीचं लॉजही बंद, मग तुम्ही तीन महिने घरी. बाहेर भाताची रोवणी चालू, चिखलाचे पाय धुऊन आपण चुलीपाशी बसायचो आणि तुम्ही ती इटलीच्या बाईची गोष्ट काढायचा. तीन दिवस जंगल फिरली, वाघाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही, मग रुसून तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. वाघ नाही तर नाही, निदान आपल्या गावचं गोड तरी खाईन म्हणाली, आणि तुम्हाला तिरामिसू शिकवलं, कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर. त्यात घालायची तिकडची वाइन तुमच्याकडे नव्हती. फळीवर आईनं दिलेला सुक्या मोहफुलांचा डबा होता. बाईनं वास घेतला, एक फूल चावून पाहिलं आणि म्हणाली, हेच टाका!

इथपर्यंत आम्ही अगदी रंगून ऐकायचो. शेवटी तुम्ही म्हणायचा, "म्हणून मोह नेतो मी." आणि आई फणकाऱ्यानं म्हणायची, "इटलीच्या मिठाईत आमचा मोह! अजून काई सांगा!" मग मी हसायचे, आई हसायची. तुम्हीही हसायचा. का हसायचा हो? एकदा तरी चिडायचं होतं!

आपल्याकडे माणूस पिशवीत मोह घेऊन निघाला की पुढे दारूची भट्टीच दिसते सगळ्यांना. तुमच्या तोंडाला कधी वास आला नाही, पाय कधी लटपटला नाही. त्यावर आईचं उत्तर तयार, "तिकडंच पेऊन इकडं येत असतीन." आता सांगा, अशा बाईपुढे कोणता पुरावा टिकणार!

बारावीच्या वर्षी मी काय केलं, ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. एप्रिलमध्ये तुम्ही मोहर्लीला निघाला होता. मैत्रिणी दारात उभ्या होत्या आणि तुमच्या पिशवीतून मोहाचा वास येत होता. मला अशी लाज वाटली की पिशवी ओढून घेऊन मी अंगणात उलटी केली. तुम्ही ओरडला नाहीत. उकिडवे बसून एकेक फूल वेचलंत, फुंकून पिशवीत भरलंत. "अन्न असते पनू, असं फेकाचं नसते," एवढंच म्हणालात आणि गेलात.

वर्षी जवळ आली तसं पानावर काय वाढायचं हे ठरवायची वेळ आली. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर असावं लागतं. आई तेव्हा पंधरा दिवस आमच्याकडे घुग्घुसला आली होती. तिला विचारलं, तर तिला सांगताच येईना! "जे वाढलं ते खात," म्हणाली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणाऱ्या माणसाला काय आवडतं, हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं बाबा. मग मी ठरवलं, तुम्ही ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचा तेच करायचं. शिवाय माझं तुमच्याकडे एक येणंही होतं ना! "घरी करून खाऊ घाला" म्हटलं की तुम्ही म्हणायचा, "फ्रिज कुठी आहे घरी?" म्हणून तर मी माझ्या पगारातून गावी फ्रिज घेतला. तुम्ही म्हणालात, "या पावसाळ्यात, गेट बंद झालं की करतो." गेट बंद व्हायला महिना उरला होता आणि तुम्हीच गेलात. असं करतं का कोणी?

तर मी लागले कामाला. मोबाइलवर पाहून केलं. पहिल्या खेपेला काय केलं असेल? कॉफीत दूध-साखर घालून छान उकळी काढली, आपण पाहुण्यांना देतो तशी! लांबट विलायती बिस्किटं घुग्घुसात कुठून आणणार, म्हणून बेकरीतले टोस्ट घेतले. आणि ते आपल्या घरच्या रीतीनं बुडवले. म्हणजे चहात बुडवून, चिमटीत धरून, पार मऊ होईस्तोवर. आईही शेजारी बसून मन लावून बुडवत होती. वरून क्रीमचा थर दिला, झाकायला विसरले, तर कोकोची पूड पडायच्या आधी घुग्घुसनं आपल्या खाणीतल्या कोळशाची पूड टाकून दिली. तुमचे जावई नितीन पहिल्या पाळीवरून आले, वाटीभर खाल्लं आणि म्हणाले, "खीर बरी झाली, पण काळी काऊन दिसून राह्यली?" मी आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्यांदा कॉफी कोरी केली, पण टोस्ट पुन्हा विरघळले. चवही कुठे तुमच्या वर्णनासारखी लागेना. मग मी सोमाजीकाकांना फोन लावला, तुमच्या शेजारच्या शेगडीवर पंधरा वर्षं भाजी-पोळी करणारे सोमाजीकाका. आई खाली बसून तांदूळ निवडत होती, तिलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"टोस्ट कॉफीत पोहाले नाई पाठवाचा," काका म्हणाले. "तोंड धुवाले पाठवाचा. वासुदेवभाऊ असंच सांगत. अन मोहाचा पाक टाकला का नाई?"

मी म्हटलं, "कोणता पाक?"

"घ्या! तुले मालूमच नाई? फुलातले केसर काढाचे, फुलं भिजवाचे, शिजवाचे, गाळाचे. तो पाक कॉफीत. बाकीचे लोक दारू टाकतेत ना त्याच्यात, त्याच्या जागी हा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, बाबा पेत नव्हते?"

"वासुदेवभाऊ?" काका एवढ्या मोठ्यानं हसले की फोन खरखरला. "पेणारा तं मी होतो! मलेच शिव्या देत. त्या माणसानं कधी थेंब नाई लावला तोंडाले."

मी आईकडे पाहिलंच नाही. काका बोलतच होते. "दुपारी पाहुणे झोपले का भाऊ मोह निवडाले सूप घेऊन बसत. तुमच्या घरचा मोह लय खराब येत होता, पनू. किडका, काळा. अर्धी पिशवी फेकण्यातच जाय. मी म्हणो, भाऊ, मोहर्लीतूनच चांगला घेऊ ना. तं म्हणत, नाई, घरचाच पाह्यजे. अन हर पाहुण्याले सांगत, ये हमारे मिसेस का महुआ है. रोज सांगत. मुंबईवाला असो का गोरा असो."

फोन ठेवला तेव्हा आईचे हात ताटात थांबले होते. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मी निवडून निवडून खराब फुलं देत होती वो त्यायले. दारूलेच जाणार हाये तं चांगले कायले, असं वाटे."

मी तिच्याजवळ बसले. मला माझी अंगणात उलटी केलेली पिशवी आठवत होती. पण बाबा, खरं सांगू? रडू येत होतं आणि त्याच वेळी छाती फुलून येत होती. अर्धी फेकून, उरलेली वेचून, पंधरा वर्षं तुम्ही आईच्याच मोहाचं गोड जगाला खाऊ घातलंत आणि वर तिचं नाव सांगितलंत! असा माणूस माझा बाप आहे!

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मले गावाले नेऊन दे." घरी आल्याबरोबर तिनं कोपऱ्यातली तुमची पिशवी काढली. यंदाही मोह वेचून वाळवल्यावर तिनं सवयीनं ती भरून ठेवली होती, सवयीनंच खराब फुलांनी. ती तिनं रिकामी केली. मग विकायला ठेवलेल्या चांगल्या ढिगापुढे सूप घेऊन बसली, तीही भर दुपारी. एकेक फूल उजेडात धरून पाहत होती. मी मदत करायला गेले, तर म्हणाली, "तू राहू दे. हे माहं काम हाये."

वर्षीच्या आदल्या दिवशी तिरामिसू केलं. क्रीम मंद आचेवर तापवून लिंबाचे थेंब टाकले आणि चक्का टांगतो तसं फडक्यात बांधून ठेवलं. अंडं घातलं नाही. तुम्ही शाकाहारी पाहुण्यांसाठी असंच करायचा, असं काका म्हणाले होते. कोऱ्या कॉफीत आईच्या फुलांचा पाक ओतला आणि जो वास सुटला ना! तुमच्या पिशवीचाच वास, पण कॉफीशी लग्न लागल्यासारखा. टोस्ट बुडवायला आईला बसू दिलं नाही. तिची चिमटी काही सुटायची नाही! मी स्वतः एकेक टोस्ट तोंड धुऊन उचलला. थरावर थर दिले, चहाच्या गाळणीनं कोको भुरभुरवला आणि ट्रे तुमच्या फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी सुरी फिरवली तर वडी उभी राहिली, बाबा! कडा सरळ, थर वेगळे. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

पहिला द्रोण तुमच्या पानावर ठेवला. मग पंगतीत वाढायला निघाले. मोठेबाबांनी द्रोण नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मोहाचा वास येऊन राह्यला. काय हाय हे?"

तेरवीला गप्प राहिले होते, या वेळी मी बोलले. "हाच तो मोह, मोठेबाबा. बाबा न्यायचे तो. इथी जात होता, या मिठाईत. माझे बाबा आचारी होते, त्यांनी कधी दारूला हात लावला नाही." मग इटलीच्या बाईपासून सोमाजीकाकांनी सांगितलेल्या तुमच्या सुपापर्यंत सगळं सांगितलं. काका पंगतीतच होते, मान हलवत होते. ये हमारे मिसेस का महुआ है, हे मात्र आईकडे बघून सांगितलं.

मोठेबाबांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. द्रोण चाटूनपुसून साफ केला आणि पुढे सरकवला. "अजून वाढ." तेही संपल्यावर उठले, हात धुतले आणि तुमच्या फोटोपुढे जाऊन डोक्यावरची टोपी काढली. "वासुदेवा, मी वाईट बोललो गा. मले मालूम नव्हतं." जेवढ्या मोठ्यानं तेरवीला बोलले होते, तेवढ्याच मोठ्यानं बोलले. भरलं अंगण ऐकत होतं.

बायकांच्या पंगतीत कोणीतरी आईला विचारलं, "सिंधूबाई, कोणं केलं वो हे?" आईनं पदर नीट केला, मान वर केली आणि म्हणाली, "रीत त्यायची. मोह माह्या हातचा." वर्षभरात मी तिला असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

तर बाबा, यापुढे मला कोणी विचारलं, तुझे वडील काय करायचे, तर मी खाली बघणार नाही. आचारी होते म्हणेन, आणि वेळ असेल तर द्रोणही पुढे करेन. पावसाळ्यात गेट बंद झालं की दरवर्षी तुमच्या फ्रिजमध्ये हा ट्रे लागेल, हे पक्कं.

आई आत्ताच उठली. कोणाला लिहितेस म्हणून विचारत होती. बाबांना, म्हटलं. ती दारातूनच म्हणाली, "त्यायले लिव, आता दरसाल चांगलेच फुलं देईन म्हणून."

तुमची,
पनू